बेण्याचा मेंढा आणि कळपाचा हिशेब

प्रस्तावना

व्यापारी वाड्यावर आला की त्याची नजर आधी तीन-चार महिन्यांच्या नर कोकरांवर जाते. लांब पाठीचे, भरल्या मांडीचे, आईच्या दुधावर चांगले पोसलेले कोकरू तो हाताने चाचपतो, उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि त्याचाच भाव आधी ठरवतो. मेंढपाळाला पैशाची नड असते. मुलांची फी भरायची असते, औषधाची उधारी असते, वाटखर्च असतो. कळपातले सर्वांत चांगले नर अशा रीतीने पहिल्या फेरीतच निघून जातात. जे मागे उरते, म्हणजे उशिरा जन्मलेले किंवा व्यापाऱ्याने नाकारलेले, ते वाढत राहते आणि दीड वर्षात कळपाचा बाप होते. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले तर कळप खुरटत जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरीही माण-खटावपासून जत-सांगोल्यापर्यंत मी हेच पाहत आलो आहे. मेंढ्यांच्या पैदाशीवर मराठीत पुस्तक हवे, असे मला इतकी वर्षे वाटत आले त्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मेंढी कशासाठी पाळायची, याचे उत्तर दोन पिढ्यांत बदलले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि काळी. तिच्या घोंगड्यांवर एके काळी घर चालायचे. आज बहुतेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या दामापेक्षा जास्त होते. शेतात वाडा बसवून खताचे जे धान्य किंवा पैसे मिळतात, ते मिळतात. पण मुख्य मिळकत कोकराची. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी एकट्या तेलंगणात १ कोटी ९१ लाख होत्या आणि महाराष्ट्रात जेमतेम २७ लाख. आपल्याकडची गायराने आक्रसली, पडीक रानांना कुंपणे पडली, बागायत वाढली. आता मेंढ्यांची संख्या वाढवून मिळकत वाढवण्याचा रस्ता जवळजवळ बंद आहे. आहे त्या मेंढीकडून जास्त काय मिळेल, एवढाच प्रश्न हातात उरतो.

हा प्रश्न सोडवायचा तर आधी मोजायचे काय, ते ठरले पाहिजे. ‘यंदा किती कोकरे झाली?’ असे विचारले की मेंढपाळ झालेली कोकरे सांगतो. गाभडलेल्या, फिरून माजावर आलेल्या, भाकड राहिलेल्या मेंढ्या त्या उत्तरात येत नाहीत आणि आठ दिवसांत मेलेली कोकरेही येत नाहीत. समजा, १०० मेंढ्यांत मेंढा सोडला. ९० गाभण राहिल्या, त्यांतल्या ८५ नीट व्याल्या, ८७ कोकरे झाली आणि दूध तुटेपर्यंत ७५ जगली. तिसऱ्या महिन्याला सरासरी वजन १३ किलो धरले तर एकूण ९७५ किलो, म्हणजे मेंढा दाखवलेल्या दर मेंढीमागे पावणेदहा किलो कोकरू. आता दुसरा कळप घ्या, त्याच जातीचा आणि त्याच रानातला. ९५ गाभण, ९२ व्याल्या, ९४ कोकरे, ८८ जगली आणि वजन १४ किलो. बेरीज १,२३२ किलो. जात बदलली नाही, परदेशी रेतन आणले नाही, तरी अडीचशे किलोंहून जास्त फरक पडला. तो प्रत्येक पायरीवरच्या थोड्या थोड्या राखणीतून आला. या पुस्तकात जिथे जिथे ‘कळपाची कामगिरी’ असे म्हटले आहे तिथे हाच आकडा समजावा: मेंढा दाखवलेल्या दर मेंढीमागे दूध तुटतेवेळी उभे असलेले किलो. गाभण राहिलेल्या किंवा व्यालेल्या मेंढीमागे हिशेब काढला, की भाकड मेंढी हिशेबातून निसटते आणि चारा मात्र खात राहते.

बेण्याच्या मेंढ्यासाठी मी या पुस्तकात जास्त पाने मागितली होती आणि ती मिळाली, याचा मला आनंद आहे. एक मेंढी नापीक निघाली तर एक कोकरू जाते. एक मेंढा नापीक निघाला तर तीस-चाळीस मेंढ्यांचा हंगाम जातो, आणि हे कळते तेही दोन-तीन महिन्यांनी, पोटे वाढत नाहीत तेव्हा. मेंढ्याचे बीज तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून आषाढात सोडायच्या मेंढ्याला वैशाखात ताप येऊन गेला असेल, देवी किंवा नीलजिव्हा होऊन गेली असेल, तर तो दिसायला टणटणीत झाला तरी ऐन हंगामात रिकामा असू शकतो. कडक उन्हाचाही तोच परिणाम होतो. वृषण शरीरापेक्षा थोडे थंड राहावेत म्हणूनच ते बाहेर लोंबतात. माणदेशाच्या उन्हाळ्यात दिवसभर उघड्यावर उभ्या मेंढ्याला सावली आणि पाणी देणे हा पैदाशीच्या कामाचाच भाग आहे.

मेंढा तपासताना त्याला बसते करावे, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवावी. दोन्ही वृषण दोन हातांत घ्यावेत. ते सारखे हवेत, पिशवीत मोकळे सरकणारे हवेत, दाबल्यावर हाताला प्रतिकार करणारे हवेत. पिलपिलीत लागले, एक लहान एक मोठा लागला, किंवा खालच्या टोकाशी गाठ हाताला आली तर तो मेंढा त्या हंगामाला बाद. मग खुरे, दात, डोळ्याच्या आतल्या पापणीचा रंग. पापणी पांढुरकी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. हे सगळे पाच मिनिटांचे काम आहे, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तरी ते फार थोडे लोक करतात.

दुसरा उपाय याहून स्वस्त आहे. गेरू गोडेतेलात कालवून मेंढ्याच्या छातीला लावावा. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पुठ्ठ्यावर लाल खूण पडते. मेंढी साधारण १६-१७ दिवसांनी माजावर येते. तेवढे दिवस झाले की रंग बदलून निळा किंवा काळा करावा, म्हणजे तो आधीच्या लालवरही दिसतो. पहिल्या फेरीत लाल झालेल्या दोन-चार मेंढ्या पुन्हा निळ्या झाल्या तर काळजी नको. बहुतेक सगळ्याच पुन्हा रंगल्या तर मेंढा त्याच दिवशी बदलायचा. हंगाम हातात असतानाच चूक कळते. रंगाची तारीख लिहिली तर व्यायची तारीखही कळते, कारण गाभणकाळ पाच महिन्यांना दोन-तीन दिवस कमी एवढा ठरलेला असतो.

नात्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड. सरकारी योजनांत २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट मिळतो. गटाची कल्पना चांगली आहे, पण त्यातला एक मेंढा दोन-अडीच वर्षे तिथेच राहिला तर तो आपल्याच मुलींवर जातो. बाप-लेकीच्या अशा पैदाशीत कोकरे बारकी निघतात, गर्भ टिकत नाहीत, जन्मलेली लवकर मरतात. मेंढपाळ मग रानाला, औषधाला किंवा नशिबाला दोष देतो. दोन वर्षांत मेंढा बदला, असे सांगणे सोपे आहे. चांगला मेंढा विकत घेणे महाग आहे. म्हणून चार-पाच वाड्यांनी आपापसांत मेंढे फिरवावेत, एकाचा मेंढा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, अशी व्यवस्था या पुस्तकात सविस्तर सांगितली आहे. देण्याआधी मेंढा निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर त्याच्याबरोबर गर्भपाताचा रोगही फिरतो.

मेंढीच्या बाबतीत आपल्या पुस्तकांचा एक जुना दोष होता. ती विलायती पुस्तकांवरून लिहिली जात. थंड देशांतल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात आणि वसंतात वितात. त्यांचे सगळे वेळापत्रक उजेडावर चालते. दख्खनी मेंढी उजेडापेक्षा गवताकडे जास्त बघते. मृगाचा पाऊस पडला, रान हिरवे झाले, अंगावर थोडे मांस चढले की ती माजावर येते आणि सर्वांत जास्त मेंढ्या दिवाळीच्या पुढेमागे वितात. पोटाला मिळाले तर ती वर्षात केव्हाही फळते. हा तिचा मोठा गुण आहे. पाच महिने गाभण आणि अडीच-तीन महिने कोकरू पाजणे, असे आठ महिन्यांचे चक्र बसवून दोन वर्षांत तीन वेते घेता येतात ती याच गुणामुळे. पण चारा-पाणी नसताना हे चक्र रेटले तर तिसऱ्या वेताला मेंढी आणि कोकरू दोन्ही हातची जातात.

मेंढी तयार आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कारण लोकर फसवते. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर हात ठेवावा. हाडाची टोके बोटांना टोचली तर ती उपाशी आहे. टोके दाबल्याशिवाय लागत नसतील तर ती मेंढ्याकडे जायला योग्य. टोचणाऱ्या मेंढ्या वेगळ्या काढून मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो मका किंवा ज्वारीचा भरडा दिला तर त्या वेळेवर माजावर येतात आणि गर्भ धरतात. मेंढ्यालाही आधी महिनाभर लांब, वासही येणार नाही इतका दूर ठेवावा. तो एकदम कळपात आला की थांबलेल्या मेंढ्या थोड्या दिवसांच्या फरकाने माजावर येतात आणि पुढे कोकरे एका वयाची मिळतात. एका वयाच्या कोकरांना लस एकदम देता येते, भाव एकदम ठरतो.

एक गोष्ट मात्र खुराकाने होत नाही. दख्खनी मेंढीला जुळे शंभरातून दोन-चारदाच होते. बंदिस्त मेंढीपालनाच्या काही प्रकल्प अहवालांत दर वेताला दोन कोकरे धरून नफा मांडलेला मी पाहिला आहे. तो कागद घेऊन बँकेत गेलेल्या तरुणांचे पुढे काय झाले, तेही पाहिले आहे. दख्खनी किंवा माडग्याळ मेंढी गोठ्यात आणून, कितीही चारून ती जुळी देणार नाही. जुळ्यांसाठी रक्तात काही असावे लागते.

ते कुठून आले याची हकिगत फार सुंदर आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंनी तिळी-चौळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या जपल्या होत्या. १९५८ पासून तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला. इतकी कोकरे एकाच जनुकामुळे होतात, असे पुढे दिसले. त्याला फेक-बी नाव मिळाले. २००१ मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला. आणि लगेचच दिसून आले की तोच बदल बंगालच्या सुंदरबनातल्या गारोल मेंढीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजांनी ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या; बुरूलाचा वारसा तिथूनच गेला असावा, असे अभ्यासक मानतात. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, दहा-पंधरा किलोंची ती बारकी मेंढी, जिला कोणी हिशेबात धरत नव्हते, तिच्याकडे हा ठेवा होता.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, १९९० नंतरच्या दशकात गारोल मेंढ्या महाराष्ट्रात आणल्या. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने पुढे नेले. गारोलचा थेट संकर केला तर जुळी होतात, पण कोकरू बारके राहते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. म्हणून संकरित मेंढ्या पुन्हा पुन्हा मोठ्या चणीच्या मेंढ्यांशी जोडत न्यायचे, आणि दर पिढीत रक्ताच्या तपासणीने ज्यांच्यात ते जनुक आहे तेवढीच कोकरे ठेवायची, असा मार्ग धरला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठे या कामात सोबत होती. दख्खनीबरोबर बन्नूर आणि दुधाळ अवासीचेही रक्त घेऊन जी मेंढी उभी राहिली ती नारी सुवर्णा. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला एका वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरे होतात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्यातून ‘अविशान’ ही मेंढी याच जनुकावर तयार केली.

यातली एक बाब मेंढपाळाने नीट ध्यानात ठेवावी. मेंढा हे जनुक बाळगतो, पण दाखवत नाही. त्याच्या रूपावरून, वजनावरून, शिंगावरून काही कळत नाही. दोन्ही प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांत सोडला तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते. त्याच्याकडे एकच प्रत असेल तर निम्म्या मुलींनाच. म्हणून असा मेंढा घेताना तपासणीचा कागद मागावा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. आणि आणखी एक. जुळ्यातले कोकरू तिसऱ्या महिन्याला एकट्याने वाढलेल्यापेक्षा हलकेच असते. डोळ्यांनी मेंढा निवडणारा माणूस धष्टपुष्ट एकट्याला ठेवतो आणि जुळ्यातल्याला विकतो. असे केले की आणलेले जनुक दोन-तीन पिढ्यांत हातातून जाते.

जुळ्यांविषयी एका मावशींनी वाड्यावर मला सुनावले होते, ‘दोन झाली की एक मरतंय न्‌ एक रडतंय, डॉक्टर. त्यापरीस एकच ठणठणीत बरं.’ कोकरांची उस्तवार वाड्यावर बायकाच करतात, म्हणून हे बोल मी फार मानतो. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्याला दहा-पंधरा दिवसांची कोकरे घोड्यावर घालून न्यावी लागतात; आईला दूध कमी, वाट लांब. तिथे दीड कोकराचा हिशेब कागदावरच राहतो. ज्या वाड्याला गाभण मेंढीचा खुराक आणि कोकरांची वेगळी सोय जमणार नाही, त्याने जुळ्यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी एकेक कोकरू जगवणे सुधारावे. गावात राहून पाळणाऱ्याने मात्र जुळ्यांचा विचार जरूर करावा.

जगणे-मरणे बहुतांशी दोन टप्प्यांत ठरते. पहिला टप्पा गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांचा. कोकराचे सुमारे सत्तर टक्के वजन याच दिवसांत वाढते आणि नेमके तेव्हाच पोट दाबले गेल्याने मेंढी एका वेळी कमी चारा खाऊ शकते. पोटात दोन असतील तर तिच्या अंगातली चरबी वितळू लागते. ती खात नाही, मागे राहते, डोळ्यांनी दिसेनासे झाल्यासारखी चालते, बसते ती उठत नाही. रोजचा थोडा भरडा आधीपासून दिला असता तर ती वाचली असती. आंत्रविषाराची लसही व्यायच्या आधी द्यायची, म्हणजे चिकातून कोकराला संरक्षण मिळते.

दुसरा टप्पा पहिल्या काही तासांचा. जुळे देणारी मेंढी पहिले कोकरू चाटत असतानाच दुसऱ्याच्या कळा सुरू होतात. ती उठते, दोन पावले सरकते, आडवी होते. पहिले मागे ओलेच राहते. दुसरे बाहेर पडले की ती त्याला चाटू लागते, आणि पहिल्याचा वास तिला परका होऊ लागतो. अशा वेळी माणसाने दोन्ही कोकरे उचलून तिच्या तोंडापुढे जवळजवळ ठेवावीत, नाकातोंडातला चिकटा पुसावा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे, सडातला पहिला चिकटलेला थेंब पिळून टाकून दोघांना एकेका सडाला लावावे. तीन किलोंच्या कोकराला पहिल्या दोन-चार तासांत दीडशे मिली चीक मिळाला पाहिजे आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा. दिवस उलटला की चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जात नाही. मग कितीही पाजले तरी ते नुसते दूध. मेंढी दुसऱ्याला झिडकारत असेल तर तिघांना दोन दिवस छोट्या आडोशात कोंडावे. वाघुरीचा, म्हणजे वाड्याभोवतीच्या जाळीचा, एक कोपरा त्याला पुरतो.

गर्भपातावरचे प्रकरण मी पुन्हा वाचून काही वाक्ये अधिक कडक करायला सांगितली. गाभडलेले कोकरू आणि वार उघड्या हाताने उचलायची, कुत्र्यापुढे टाकायची, हे थांबलेच पाहिजे. गर्भपात घडवणारे ब्रुसेलासारखे जंतू माणसाला लागतात. महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन दवाखाने हिंडणारे मेंढपाळ आपल्यात आहेत. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ते उचलावे आणि चुना टाकून खोल पुरावे. गरोदर बाईने त्या जागी जाऊ नये. एका हंगामात चार-पाच मेंढ्या गाभडल्या तर रक्ताचे नमुने दवाखान्यात द्यावेत.

कृत्रिम रेतनावर पुस्तकात थोडेच लिहिले आहे आणि ते योग्य आहे. गायीत ते गावोगाव पोचले. मेंढीत गर्भाशयाचे तोंड इतके वळणावळणाचे असते की गोठवलेले रेत आत पोचवायला पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागते. ताज्या रेताचे काम केंद्रांवर होते. सामान्य कळपाला आज तरी चांगला मेंढाच उपयोगी पडतो.

शेवटचे प्रकरण नोंदींचे आहे. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, रंग पडल्याची तारीख, व्यायची तारीख, कोकरे किती, नर की मादी, जन्माचे वजन, तिसऱ्या महिन्याचे वजन, विकले की ठेवले. एवढ्या रकान्यांचा नमुना दिला आहे. त्याची झेरॉक्स काढून वहीत चिकटवता येते. वाड्यावर लिहिणारे कोणी नसेल तर जुळे देणाऱ्या मेंढीला पिवळा बिल्ला, लागोपाठ दोन हंगाम भाकड राहिलेलीला लाल, अशी रंगांची पद्धत वापरावी. दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत, रंगांची जास्त टिकते.